दोनशे सतरा शब्द आणि एक ‘हेल्ड अप’

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात राहते, वय ३६. महापेला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बी.कॉम. बिलं, लेजर, जीएसटी यात माझा हात धरणारं ऑफिसात कुणी नाही, पण मीटिंग इंग्रजीत सुरू झाली की माझी दातखीळ बसते. म्हणून रोज एक नवा इंग्रजी शब्द शिकायचं ठरवलं. सकाळी मोबाइलवर शब्द येतो, घणसोली येईपर्यंत गाडीत पाठ करते, रात्री अर्थासकट वहीत लिहिते. एक दिवस चुकवला नाही. आज २१७ झाले. आणि मागच्या सोमवारी साहेबांनी विचारलं, ‘व्हाय इज धिस पेमेंट हेल्ड अप?’ मला प्रश्नच कळला नाही. ‘येस सर’ म्हणून गप्प बसले. त्याआधी एका सप्लायरचं कौतुक करताना मेलमध्ये ‘नोटोरियस फॉर टाइमली डिलिव्हरी’ असं लिहिलं, तेव्हा तर सगळं ऑफिस हसलं. तिसरीतली लेकसुद्धा माझे उच्चार सुधारते. एकाऐवजी रोज पाच शब्द करू का? की या वयात आता डोक्यात राहायचंच नाही?

– वहीवाली, ठाणे

प्रिय वहीवाली,

पाच करू नका. खरं म्हणजे पुढचे तीन महिने एकही नवा शब्द वहीत घेऊ नका, आणि मोबाइलवरचा तो सकाळचा शब्द बंद करून टाका. दोनशे सतरा दिवसांचा नेम मोडायला सांगतेय, राग येणारच. पण राग येण्याआधी एक काम करा.

आज रात्री वही उघडा, दुसऱ्या महिन्यातलं एखादं पान काढा आणि हातात पेन्सिल घ्या. अर्थाच्या रकान्यावर पोस्टकार्ड ठेवा आणि एकेका शब्दाला विचारा, ‘बाबा रे, या वहीच्या बाहेर तू मला कधी भेटलास का?’ ऑफिसात, मेलमध्ये, पाटीवर, बातमीत, कुठेही. भेटला असेल तर बरोबरची खूण करा. नसेल तर पुढचा. अशी सगळी वही तपासा. दोनशे सतरात तीसेक खुणा झाल्या तरी माझ्या मते खूप झाल्या. बाकी मंडळी कोण असतील याचा अंदाज मी इथं नौपाड्यात बसून करू शकते : इफेमरल, सेरेन्डिपिटी, युबिक्विटस. शब्द पाठवणाऱ्यांना असलेच दागिने आवडतात. रोजच्या वापरातला शब्द पाठवला तर गिऱ्हाईक म्हणेल, हा तर मला येतो, आणि दुसऱ्या दिवशी बघणार नाही.

आता स्मरणशक्तीचं. टीडीएस सात तारखेच्या आत भरायचा, जीएसटीचं थ्री-बी रिटर्न वीस तारखेला, हे तुम्ही कुठल्या वहीत लिहून पाठ केलंत? नाही ना? ते दर महिन्याला दार ठोठावत येतं म्हणून लक्षात आहे. ज्या बाईच्या डोक्यात सगळ्या व्हेंडरांच्या थकबाक्या राहतात, तिनं मला वयाचं कारण सांगू नये.

हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली स्मरणावर एक पुस्तक लिहिलं. प्रयोगाला माणसं गोळा केली नाहीत, स्वतःलाच बसवलं. काही अर्थ नसलेली अक्षरं जुळवून त्यांच्या याद्या केल्या, पाठ केल्या, आणि ठरावीक वेळानं तीच यादी पुन्हा पाठ करताना किती मेहनत वाचते ते मोजलं. वीसेक मिनिटांनी सुमारे ५८ टक्के वाचली. एका दिवसानं सुमारे ३४. महिन्यानं २१. त्याची अक्षरं निरर्थक होती आणि तुमचे शब्द अर्थाचे आहेत, तेव्हा आकडे जसेच्या तसे लावू नका. पण चाल बघा. सगळी घसरगुंडी पहिल्या दिवसातली, पुढचा उतार अगदी सावकाश. आणि तुम्ही नेमकं काय करता? रात्री शब्द लिहिता, पान उलटता आणि सकाळी नव्याचं स्वागत करता. कालचा बिचारा घसरगुंडीच्या टोकाला उभा असतो, त्याच्याकडे बघायला कुणी नसतं.

तुमच्यासारखी मीही आपटलेय. १९७८ साली दहावीनंतरच्या सुट्टीत वडिलांनी एक जुनी डिक्शनरी आणून दिली आणि फर्मान काढलं : रोज एक पान. मी आज्ञाधारक. मेअखेर ‘ए’ संपला, ‘बी’ अर्धवट राहिला आणि कॉलेज सुरू झालं. अकरावीच्या पहिल्याच निबंधात माझा पाऊस ‘अबेट’ झाला, मी स्वतः ‘अबॅश्ड’ झाले आणि आईनं मला ‘अडमॉनिश’ केलं. बाईंनी खाली लाल शाईनं लिहिलं, ‘पुढची अक्षरं कधी येणार?’ वर्ग हसला. तुमचं ऑफिस हसलं तसाच.

तर ‘हेल्ड अप’. हा शब्द तुमच्या वहीत नव्हता असं तुम्हाला वाटतंय, आणि तिथंच सगळी गोम आहे. ‘होल्ड’ तुम्हाला पाचवीपासून येतो. ‘अप’ही. दोघं एकत्र आले आणि ओळख पटली नाही. पेमेंट अडकून का पडलंय, एवढंच साहेब विचारत होते. यात अवघड शब्द कुठला होता?

आता स्वतःचं पत्र वाचा. ‘माझी दातखीळ बसते’, असं तुम्हीच लिहिलंय. कुठल्या खुर्चीवर बसते? आपल्याकडे घसा बसतो, धक्का बसतो, दंड बसतो, पावसाळ्यात जुनं घर बसतं, आणि ‘बसता बसता’ सवय लागते ती वेगळीच. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसानं ‘बसणे म्हणजे सिट’ असं वहीत लिहून पान उलटलं, तर तो कितीही हुशार असला तरी आपल्यात बसला की गोंधळणार. इंग्रजीत होल्ड, गेट, टेक, पुट, कम, रन ही असली ‘बसणारी’ क्रियापदं आहेत. तुमचा वेळ तिकडे जायला हवा.

तुमच्या गाडीतलंच उदाहरण घ्या. ‘प्लीज माइंड द गॅप’ तुम्ही किती वेळा ऐकलं असेल? माइंड म्हणजे मन, हे शाळेतलं. इथं त्याचा अर्थ ‘सांभाळा’. ‘नेव्हर माइंड’ म्हणजे ‘असू दे, जाऊ दे’. आणि लेडीज डब्यात चौथ्या सीटसाठी उभी असलेली एखादी मुलगी तुम्हाला विचारते, ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ आपण मराठी माणसं मनानं मोठी, लगेच सरकून म्हणतो, ‘येस, येस!’ खरं तर आपण तिला सांगितलेलं असतं की हो, मला चालणार नाही. तिनं विचारलंय, ‘तुमची हरकत आहे का?’ उत्तर ‘नो’ हवं. या एका चार अक्षरी शब्दात पाहा केवढा पसारा आहे, आणि तो तुम्हाला फुकट ऐकायला मिळतोय, तेही दिवसातून दोनदा.

मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ होते. ढाक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात त्यांनी काम केलं, आपल्यासारख्याच मुलांना इंग्रजी कसं शिकवावं याच्यामागे आयुष्य घातलं. १९५३ साली त्यांनी सर्वांत जास्त कामाला येणाऱ्या सुमारे दोन हजार शब्दांची यादी छापली. हे दोन हजार, त्यांच्या गोतावळ्यासह, साध्या छापील मजकुराचा सुमारे चार-पंचमांश भाग व्यापतात. गोतावळा म्हणजे डिसाइड आला की डिसिजन, डिसायसिव्ह, अनडिसायडेड ही भावंडं त्याच्याबरोबर धरायची. आता दुसरं टोक. न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी २००६ साली हिशेब मांडला, की वर्तमानपत्र किंवा कादंबरी डिक्शनरीशिवाय वाचायची तर आठ-नऊ हजार गोतावळे लागतात. आठ हजार भागिले ३६५. अकाउंट्सवाल्या बाईला मी काय सांगायचं? शून्यापासून सुरुवात केली तर बावीस वर्षं. तुम्ही तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या, निवृत्तीच्या निरोपसमारंभाला. ही वाट रोज एक शब्दाची नाहीच. मोठा साठा वाचनातून नकळत होतो, आणि जे हातानं, मेहनतीनं करायचं ते त्या पहिल्या दोन हजारांवर आणि तुमच्या धंद्यातल्या शब्दांवर.

‘नोटोरियस’चं काय झालं ते सांगते. तुमच्या वहीत अर्थ ‘प्रसिद्ध’ असा असणार. अर्धा बरोबर आहे. पण मराठीत ‘नामचीन’ म्हणजेही नाव असलेलाच ना? तरी ‘नामचीन डॉक्टर’ असं आपण म्हणत नाही. नामचीन म्हटलं की पुढं गुंडच येतो. नोटोरियस त्याच घरातला. सप्लायरला ‘नोन फॉर टाइमली डिलिव्हरी’ म्हणा, साधं आणि चोख. शब्दाचा नुसता अर्थ विचारून भागत नाही, तो कुणाबरोबर उठतो-बसतो तेही विचारावं लागतं. लग्न ठरवताना आपण करतोच की एवढी चौकशी.

मोल्सवर्थ साहेबांचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ साली छापला गेला. कधी हाती आला तर जरूर चाळा. त्यात नामाच्या पुढे नुसता अर्थ देऊन ते थांबत नाहीत, त्या नामाबरोबर कुठली क्रियापदं येतात तीही देतात : कर, घे, लाग, पड, बस. लष्करातला हा कॅप्टन, पण त्याला कळलं होतं की ‘शपथ’ हा शब्द एकटा शिकून उपयोग नाही, ती घ्यायची असते, घालायची असते, मोडायची असते. तुम्ही इंग्रजीचं हेच करा. ‘डिसिजन’ एकटा लिहू नका, ‘मेक अ डिसिजन’ लिहा. आपलं एक ‘करणे’ तिकडे ‘डू’ आणि ‘मेक’ अशा दोन घरांत वाटलं गेलंय : चूक ‘मेक’ करायची, होमवर्क ‘डू’ करायचा. याला नियम शोधत बसू नका, जोडीनंच पाठ करा. परीक्षा आपण ‘देतो’, म्हणून आपल्या इंग्रजीत सर्रास ‘गिव्ह’ येतं. साहेबी इंग्रजीत परीक्षा मुलं ‘टेक’ करतात, ‘गिव्ह’ मास्तर करतो. माझा स्वतःचा हा ‘गिव्ह’ नोकरी लागल्यावर सुटला, इथं कबूल करून टाकते.

मग नव्या वहीत काय लिहायचं? तुमचा खजिना तुमच्या टेबलावर आहे आणि तुम्ही तो मोबाइलमध्ये शोधताय. ‘आउटस्टँडिंग’ घ्या. व्हेंडरच्या लेजरमध्ये हा शब्द दिसला की तुमच्या कपाळावर आठी. लेकीच्या प्रगतिपुस्तकात दिसला की पेढे. शब्द तोच, बाहेर उठून दिसणारा : एकीकडे बाकी उठून दिसतेय, दुसरीकडे पोरगी. ‘रिकन्साइल’ तुम्ही महिनाअखेर करताच, बँकेचं आणि आपल्या पुस्तकाचं भांडण मिटवता. नवरा-बायकोचं मिटलं तरी इंग्रजी वर्तमानपत्र हाच शब्द वापरतं. ‘इंटरेस्ट’ तुम्हाला व्याज म्हणूनही येतो आणि आवड म्हणूनही. ‘राइट ऑफ’, ‘सेट ऑफ’, ‘कॅरी फॉरवर्ड’ हे तर ‘हेल्ड अप’चे सख्खे चुलतभाऊ, आणि ते तुम्ही रोज झोपेतसुद्धा वापरता. तेव्हा येत नाही असं नाहीये. ऑफिसच्या कपाटातले शब्द बाहेर काढायची सवय नाही, एवढंच.

आता खोक्याचं सांगते, कारण वहीत एक खोट आहे : तिच्यात कालचं पान आजच्या खाली दबतं. सेबास्टियान लाइटनर या जर्मन पत्रकारानं १९७२ साली कार्डांचा एक डबा सुचवला. घरी करायला दहा मिनिटं लागतात. लग्नपत्रिका कापा, कोऱ्या बाजू वर घ्या, पत्त्याएवढे तुकडे करा. मिठाईच्या लांबट खोक्यात पुठ्ठ्याचे आडोसे घालून पाच कप्पे करा. कार्डावर शब्द लिहायचा नाही. तुमच्या कामातलं अख्खं वाक्य लिहायचं, त्यातला शब्द गाळून : ‘द पेमेंट इज डॅश डॅश, द इन्व्हॉइस इज नॉट इन अवर टू-बी.’ (टू-बी म्हणजे जीएसटीचं खरेदीबिलांचं विवरण, ते तुम्हाला सांगायला नको.) मागे उत्तर. सगळी कार्डं पहिल्या कप्प्यात. आलं तर दुसऱ्यात ढकला, चुकलं तर कुठल्याही कप्प्यातून पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यानं, चौथा पंधरवड्यानं, पाचवा महिन्यानं. हे दिवस माझ्या सोयीचे आहेत, तुम्ही तुमच्या मंथ-एंडप्रमाणे फिरवा. एबिंगहाउसची घसरगुंडी आठवतेय ना? जिथं उतार तीव्र तिथं रोज हात द्यायचा, पुढे शब्द आपला आपण उभा राहतो. वहीतल्या त्या तीसेक खुणावाल्या शब्दांना पहिला प्रवेश द्या. ‘सेरेन्डिपिटी’ला वहीतच सुखानं राहू दे.

नवी कार्डं आठवड्याला सहा-सात, त्याहून जास्त नाही, आणि तीही त्या आठवड्यात तुम्ही जिथं अडलात त्या जागेची. मेलमध्ये साहेबांनी वापरलेलं एखादं वाक्य तुम्हाला धड कळलं नसेल, तर ते तुमचं कार्ड.

गाडीतला वेळ मोकळा झाला. त्यात वाचा, पण सगळं वर्तमानपत्र नको. महिनाभर एकच विषय धरा. तुम्हाला कर, बँका, व्याजदर कळतात, तेच धरा. एका विषयावर लिहिणारे तेच तेच शब्द फिरवत राहतात, म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी ते शब्द ओळखीच्या बायकांसारखे डब्यात भेटायला लागतात. एका परिच्छेदात पाच-सहा ठिकाणी अडलात तर तो मजकूर सोडा, दुसरा घ्या. यात कमीपणा काही नाही. घणसोलीपर्यंत उभ्यानं वाचायचंय, परीक्षा ‘टेक’ करायची नाहीये.

बोलण्याबद्दल थोडकंच. मीटिंग सोमवारी असते म्हणता. रविवारी रात्री फक्त तीन वाक्यं तयार करा, तुमच्या फायलींवर येऊ शकणाऱ्या प्रश्नांची उत्तरं, आणि भांडी घासताना मोठ्यानं म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं तोंडाला कळत नाही. प्रश्न कळला नाही तर ‘येस सर’ अजिबात नको, तो फार महागात पडणारा शब्द आहे. ‘सॉरी, डू यू मीन व्हाय इज इट डिलेड?’ असं विचारा. प्रश्न परत विचारल्यानं कुणाची नोकरी गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

उच्चारांसाठी डिक्शनरीतलं कर्ण्याचं चित्र दाबा आणि ऐका. या सदरात मी सगळं देवनागरीत लिहितेय, त्यावरून उच्चार उचलू नका. आपल्या लिपीत जोर कुठल्या अक्षरावर द्यायचा ते दिसत नाही, आणि इंग्रजीत अर्धा उच्चार जोराचाच. मी ‘सटल’ला कित्येक वर्षं ‘सबटल’ म्हणत होते, कारण तो पुस्तकात भेटला होता, कानाला नव्हे.

राहता राहिली लेक. ती सुधारते, तर तिला परीक्षक नेमा. रात्री जेवणानंतर खोकं तिच्यापुढं ठेवा. ती कार्ड काढेल, तुम्ही उत्तर द्याल, चूक की बरोबर ती ठरवेल आणि कार्ड कुठल्या कप्प्यात जाईल हेही. तिसरीतल्या पोरीला आईला मार्क द्यायला मिळाले की ती एक दिवस चुकवू देणार नाही, तुमच्या मोबाइलपेक्षा कडक. आणि एखाद्या रात्री तिला विचारा, इंग्रजी ‘मंगूज’ कुठून आला? आपल्या मुंगसावरून, पोर्तुगिजांच्या तोंडून. अनेकवचन ‘मंगूजेस’. ‘मंगीज’ म्हणाली तर कार्ड पहिल्या कप्प्यात, तिचं.

लग्नपत्रिका हल्ली मोबाइलवरच येतात, तुमच्याकडे पुरेशा नसतील. माझ्याकडे जुन्यांचा गठ्ठा पडलाय, सदराच्या पत्त्यावर कळवा, पाठवून देते. पेढ्याचं खोकं मात्र तुमचं तुम्ही बघा.